जाहिरात वाढवली की थिएटर भरेल का?

विषय मला असा दिलाय की थिएटरमधली गर्दी कमी होत चाललीय, तर जाहिराती वाढवून ती परत आणता येईल का. मी आयुष्यभर जाहिरातीच्याच धंद्यात होतो, त्यामुळे माझ्या तोंडून 'हो' येणार असं तुम्ही धरून चालला असाल. माझं उत्तर 'नाही' आहे. का नाही ते सांगायला जरा मागे जावं लागेल, कारण हा प्रश्न आजचा नाहीये, प्रेक्षक कमी झाला की कुणीतरी तो नव्यानं काढतं आणि बाकी काही व्हायच्या आधी जाहिरातीचं बजेट तेवढं पास होतं.

१९३८ ची गोष्ट घ्या. अमेरिकेत थिएटरवाले ओरडत होते, लोक येत नाहीत म्हणून. तेव्हा सगळ्या इंडस्ट्रीनं मिळून मोहीम काढली, 'मोशन पिक्चर्स ग्रेटेस्ट इयर' नावाची, बजेट साधारण १० लाख डॉलर आणि त्यातच अडीच लाख डॉलरच्या बक्षिसांची प्रश्नमंजुषा, म्हणजे सिनेमे बघा, त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, बक्षीस मिळवा. त्या काळात डॉलर म्हणजे डॉलर होता हो! पेपरात पानंच्या पानं जाहिराती, आणि सगळा सूर असा की यंदाचं वर्ष सिनेमाच्या इतिहासातलं सगळ्यात भारी. आता बघणाऱ्याला तर दिसतंय की समोर लागलेत ते नेहमीचेच सिनेमे, मग तुम्ही 'सगळ्यात भारी' म्हटलंत की तो उलट जास्तच बारकाईनं बघायला लागतो. गर्दीत सांगण्यासारखा फरक काही पडला नाही.

पण या मोहिमेतली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे पैसे कुणी काढले. त्या वेळी मोठे स्टुडिओ स्वतःच मोठमोठ्या थिएटर साखळ्यांचे मालक होते, त्यामुळे कुठलाही सिनेमा बघा पण थिएटरला या, असं सांगण्यात त्यांचा सरळ फायदा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारनं त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला, तो दहा वर्षं चालला, आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली. ते चांगलं झालं की वाईट हा वेगळा विषय आहे, त्यात शिरलो तर रात्र होईल. पण त्याचा एक परिणाम असा झाला की 'सिनेमाला जाणं' या गोष्टीला मालकच उरला नाही. स्टुडिओ जाहिरात करतो ती त्याच्या स्वतःच्या सिनेमाची. थिएटरवाला म्हणतो, जाहिरात स्टुडिओ करतोच आहे, मी कशाला खर्च करू, आणि मी केला तर त्याचा फायदा शेजारच्या थिएटरलाही होणार. सगळे एकमेकांकडे बघत बसतात. तेव्हा आज कुणी म्हणालं की जाहिरात वाढवा, तर पहिला प्रश्न हा की कुणी वाढवायची आणि कशाची.

आता खरी घसरण. १९४६ मध्ये अमेरिकेत आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटं खपत होती असा अंदाज आहे, आणि लोकसंख्या होती चौदा कोटींच्या आसपास. पुढच्या सात-आठ वर्षांत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. सगळे म्हणतात टीव्हीनं केलं. टीव्हीनं केलंच, पण गळती सुरू झाली तेव्हा टीव्ही अजून फारच थोड्या घरांत होता. युद्ध संपलं, लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, शहराच्या मध्यातून उठून सगळे उपनगरात राहायला गेले, आणि थिएटरं राहिली तिकडे शहरात. आता संध्याकाळी दोन लहान पोरं घेऊन तिकडे कोण जाणार? यावर इंडस्ट्रीनं १९५० च्या सुमाराला काय काढलं, तर स्लोगन. 'मूव्हीज आर बेटर दॅन एव्हर', सिनेमे पूर्वीपेक्षा चांगले झालेत. अहो, सिनेमे वाईट आहेत अशी तक्रार केली होती कुणी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. आणि गंमत म्हणजे याच मंदीत एक गोष्ट जोरात वाढत होती, ड्राइव्ह-इन थिएटर. युद्ध संपलं तेव्हा मोजकीच होती, ती १९५८ पर्यंत चार हजारांच्या वर गेली. पडदा काही फार चांगला नव्हता, आवाज तर बेकारच, पण घराजवळ होतं, गाडीतच बसायचं, पोरं मागच्या सीटवर झोपली तरी चालायचं. कुठलीही स्लोगन न लागता लोक गेले.

जाहिरातीचं काम काय असतं ते मी धंद्यातल्या भाषेत सांगतो. आम्ही मोजतो ते अवेअरनेस, म्हणजे किती लोकांना माहीत आहे, आणि मग त्यातल्या कितींना बघायचाय. हे काम जाहिरात फार छान करते. १९७५ मध्ये 'जॉज'साठी टीव्हीवर रिलीजच्या आधी राष्ट्रीय पातळीवर जाहिरातींचा मारा केला आणि सिनेमा एकदम चारशेच्या वर थिएटरांत लावला, तिथून पुढे सगळा धंदा पहिल्या वीकेंडवर आला. ओपनिंग घ्यायचं, बाकी माउथ पब्लिसिटी बघेल. पण यात होतं काय, की या शनिवारी जे लोक कुठल्या ना कुठल्या सिनेमाला जाणारच होते ते तुमच्या सिनेमाला येतात. दुसऱ्याचा प्रेक्षक तुम्ही ओढलात. सगळ्यांनीच बजेट वाढवलं तर सगळे तिथल्या तिथेच. अमेरिकेत २००२ मध्ये एका मोठ्या सिनेमाचा मार्केटिंगचा सरासरी खर्च ३ कोटी डॉलरच्या आसपास होता, २००७ पर्यंत तो साडेतीन कोटींच्या वर गेला, आणि याच काळात तिकिटं मात्र दीडशे कोटींच्या वरून एकशे चाळीस कोटींवर आली. खर्च वाढला म्हणून तिकिटं कमी झाली असं मी म्हणत नाहीये, एवढंच म्हणतोय की वाढवून बघितलंय, वाढवून झालंय.

बरं, आता एका घरात शिरू. शुक्रवारची संध्याकाळ, नवरा-बायको, एक सात-आठ वर्षांचं पोरगं. नवीन सिनेमाची जाहिरात दोघांनी गेल्या पंधरा दिवसांत दहा वेळा तरी बघितलीय, रीलमध्ये, बसच्या मागे, सगळीकडे. दोघांना बघायचाय. म्हणजे जाहिरातीनं तिचं काम शंभर टक्के केलं, माझ्यासारख्याला बोनस मिळाला. आता बायको फोनवर शो बघते. सातचा भरलाय, पुढच्या दोन रांगा तेवढ्या उरल्यात. मग थेट नऊ चाळीस. म्हणजे सुटायला साडेबारा, पोरगं पेंगणार, उचलून पार्किंगपर्यंत आणायचं. तीन तिकिटं, त्यावर बुकिंगचा चार्ज, आत गेल्यावर खायला मागणारच. नवरा म्हणतो, महिना-दीड महिन्यात घरी येईलच की. बायको फोन बाजूला ठेवते. यातली कुठली अडचण जाहिरातीनं सुटली असती, सांगा मला. अकरावी जाहिरात दाखवून सात-आठ वर्षांचं पोरगं रात्री साडेबारापर्यंत जागं राहत नाही.

आणि त्या नवऱ्याचं वाक्य नीट ऐका, कारण सगळी मेख तिथे आहे. पूर्वी थिएटरनंतर सिनेमा घरी यायला तीन महिने तरी लागायचे. कोविडमध्ये हे कोसळलं, २०२० च्या जुलैमध्ये युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही थिएटर साखळी यांचा करार झाला त्यात १७ दिवसांनी घरी विकायला परवानगी होती, नंतर बऱ्याच जणांचं गाडं ४५ दिवसांच्या आसपास येऊन थांबलं. आता तुम्ही थिएटरसाठी जो सिनेमा दणकून गाजवता ती जाहिरात माणसाच्या डोक्यात दीड महिना आरामात टिकते, आणि तो सिनेमा तो सोफ्यावर बघतो. स्टुडिओचं काही बिघडत नाही, पैसे इकडून नाही तर तिकडून. बोंब होते ती थिएटरवाल्याची. म्हणजे जाहिरात वाढवली आणि ती चालली, तरी गर्दी वाढेल याची खात्री नाही.

सगळ्यात चांगली जाहिरात कुठली असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून थिएटरातला ट्रेलर म्हणेन. अंधार आहे, फोन खिशात आहे, पडदा मोठा आहे आणि समोर बसलाय तो माणूस तिकीट काढून आलाय, म्हणजे येणाराच माणूस आहे. पण तो दिसणार कुणाला, तर जो आलाय त्यालाच. महिन्याला एकदा येणारा माणूस तीन महिन्यांत एकदा यायला लागला की पुढचे ट्रेलरही त्याला दिसेनासे होतात, मग त्याला गाठायला बाहेर पैसे ओतायचे, आणि बाहेर तो स्क्रोल करतोय, दोन सेकंदांत अंगठ्यानं वर ढकलतोय. सवय सुटली की ती अशी स्वतःच स्वतःला सोडवत जाते.

आणि या सोन्यासारख्या जागेचं आपण करतो काय? तिथे गाड्यांच्या, विम्याच्या, बनियनच्या जाहिराती लावतो. तिकिटावर वेळ सातची आणि सिनेमा सुरू होतो सात पंचवीसला. २०२५ मध्ये एएमसीनं तर बुकिंग करतानाच सांगायला सुरुवात केली की सिनेमा दिलेल्या वेळेनंतर २५ ते ३० मिनिटांनी सुरू होईल. प्रामाणिकपणा चांगला, पण मग लोक अर्ध्या तासानं यायला लागतात आणि ट्रेलरही बुडतात. याच कंपनीनं २०२१ मध्ये निकोल किडमन या नटीला घेऊन थिएटरची महती सांगणारी मोहीम काढली होती, खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात. टीव्हीवरही लागली, पण गाजली ती थिएटरातच, लोक तिच्याबरोबर वाक्यं म्हणायला लागले, मीम झाले, मला ती जाहिरात मनापासून आवडते. पण विचार करा, थिएटरला या असं सांगतोय आपण कुणाला? जो खुर्चीत बसलाय त्याला!

आता माझ्या विरुद्ध जाणारं उदाहरण मीच देतो, नाहीतर प्रश्नोत्तरात कुणीतरी देईलच. ब्रिटन. १९४६ मध्ये तिथे वर्षाला १६० कोटींच्या वर तिकिटं खपायची, १९८४ मध्ये साडेपाच कोटींपेक्षाही कमी. लोकांनी थिएटर मेलं असं धरलं होतं. १९८५ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश फिल्म इयर' साजरं केलं, गावोगाव कार्यक्रम, प्रचार, आणि त्या वर्षी तिकिटं सात कोटींच्या वर गेली. झालं, जाहिरात जिंकली! पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिल्टन कीन्समध्ये 'द पॉइंट' उघडलं, दहा पडद्यांचं मल्टिप्लेक्स, पार्किंग, नवीन खुर्च्या, नवीन साउंड. प्रचाराचं वर्ष संपलं, बॅनर उतरले, आणि तिकिटं वाढतच राहिली, कारण पाठोपाठ तशी मल्टिप्लेक्स उभी राहत गेली. १९९० मध्ये साडेनऊ कोटींच्या वर, २००२ मध्ये सतरा कोटींच्या पुढे. माझा हिशोब असा की प्रचारानं लोक एकदा आले असतील, पण पुन्हा आले ते खुर्चीमुळे. जुन्या, गळक्या, सिगरेटच्या वासाच्या हॉलमध्ये त्यांना एकदा आणलं असतंत तर उलट ते कायमचे गेले असते.

तिकिटाच्या किमतीचं थोडक्यात सांगतो. ३ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेत एक दिवस तिकीट ३ डॉलर केलं, ८१ लाख माणसं आली. त्याआधी 'मूव्हीपास' नावाच्या कंपनीनं महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा असं काढलं, वर्षाच्या आत ३० लाख लोक आले, आणि कंपनी बुडाली, कारण ती थिएटरला पूर्ण तिकीट स्वतःच्या खिशातून देत होती. बुडाली हे खरं, पण लोकांना सिनेमाला जायचंय हे तिनं दाखवून दिलं, आणि तसले पास नंतर थिएटर साखळ्यांनी स्वतःच काढले, फ्रान्समध्ये तर यूजीसी नावाच्या थिएटर साखळीचा २००० पासून आहे. पासवाला माणूस जाहिरातीची वाट बघत नाही, तो मंगळवारी सहज जाऊन बसतो.

'बार्बी'चं काय, असं तुमच्यातले दोन-तीन जण मनात म्हणताहेत. जुलै २०२३, मार्केटिंगवर १५ कोटी डॉलर गेल्याच्या बातम्या होत्या, 'ओपनहायमर' त्याच दिवशी, आणि दोन्ही एकाच दिवशी बघायचं जे वेड होतं ते लोकांनी स्वतः फुकटात काढलेलं. अमेरिकेतली थिएटरं गर्दीनं फुटली. पण ते वर्ष संपलं तेव्हा तिथली एकूण तिकिटं २०१९ च्या मानानं एक तृतीयांशानं कमीच होती.

(श्रोत्यांमधून प्रश्न आला: मग ते पैसे तुमच्या हातात दिले तर तुम्ही काय कराल?)

मी आधी सिनेमाच्या आधीच्या त्या पंचवीस मिनिटांतून बनियन काढून टाकीन आणि दहा मिनिटांचे ट्रेलर ठेवीन, वेळ छापीन ती खरी. त्या जाहिरातींचं उत्पन्न बुडेल, ते थिएटरला भरून द्यायला माझ्या बजेटमधला मोठा हिस्सा जाईल. उरलेल्यातून लहान सिनेमांची जाहिरात करीन, कारण मोठा सिनेमा आलाय हे सगळ्यांना माहीत असतं, लहान लागलाय हे कळतं तेव्हा तो उतरलेला असतो, तिथे अवेअरनेसचा प्रश्न खरोखरच आहे. आणि गेल्या सहा महिन्यांत जे एकदा आले पण परत आले नाहीत त्यांची यादी बुकिंगवाल्यांकडे पडलीय, त्यांना फोन करून विचारीन, का नाही आलात बाबा. टीव्हीवरची मोठी मोहीम नको. माझ्या जुन्या एजन्सीत हा प्लॅन घेऊन गेलो असतो तर पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं असतं, यात आमचं कमिशन कुठेय.