डोस ठरतो कशावर?

नमस्कार श्रोतेहो. आज एका प्रश्नाने सुरुवात करते. सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा ८० किलोंचा बाप, दोघांनाही शेतात घोणस चावली. दोघं एकाच वेळी ग्रामीण रुग्णालयात पोचले. सापाची लस, म्हणजे प्रतिसर्पविष, कुणाला जास्त द्यायचं? बहुतेक जण म्हणतील, बापाला. खरं तर दोघांनाही सारखंच द्यायचं.

ही लस झुंजते ती विषाशी. घोणस एका दंशात सरासरी साठेक मिलिग्रॅम विष सोडते, आणि समोर लहान मूल आहे म्हणून ती हात आखडता घेत नाही. (घोणशीला हात नसतात, पण तुम्हाला कळलं.) लसीची १० मिलीची एक बाटली घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. त्यामुळे सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात, लहानाला आणि मोठ्यालाही. मुलासाठी बदलतं ते फक्त सलाईनचं प्रमाण. ते वजन बघून कमी करतात.

हे उलटं उदाहरण मुद्दाम आधी सांगितलं. डोस म्हणजे निव्वळ वजनाचा गुणाकार नसतो. औषधाला काम कुठे करायचंय, ते शरीरात कुठवर पसरतं आणि यकृत-मूत्रपिंडं त्याला किती वेगाने बाहेर काढतात, यावर सगळं ठरतं. वजन आणि स्त्री-पुरुष भेद हे या गणितातले दोन आकडे. पण आपल्याकडे तेच दोन सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात, असं माझं मत आहे. केसपेपरवर वजनाचा रकाना छापलेला असतो, आणि तो बऱ्याचदा कोराच असतो.

आधी मुलांचं बघू. तापाचं पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचं असतं. वय विचारून अंदाजाने देणं सोपं, पण चार वर्षांचं एक मूल १८ किलोंचं असतं आणि तेवढ्याच वयाचं कुपोषित मूल जेमतेम ११ किलोंचं. आता १० किलोंच्या बाळाचा हिशोब करा. त्याला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. बाजारात ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप आहे, २५० मिलिग्रॅमचं आहे, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब आहेत, ज्यांच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. पहिल्या सिरपचे ६ मिली झाले की डोस पुरा. तेच ६ मिली कुणी थेंबांच्या बाटलीतून मोजले, तर पोटात ६०० मिलिग्रॅम जातात, योग्य डोसच्या चौपट! दिवसातून चार वेळा असं झालं तर यकृताला भारी पडतं. ‘बाळाचं औषध, त्यात काय एवढं’ म्हणून आजीने एक बाटली आणलेली, बाबांनी दुसरी, आणि माप एकाच चमच्याचं. गफलत होते ती इथे. बाटलीवरची ‘५ मिलीत किती, १ मिलीत किती’ ही ओळ वाचा, आणि मेडिकलवाल्याला बाळाचं वजन सांगून किती मिली ते विचारून घ्या.

मोठ्यांच्या बहुतेक गोळ्या मात्र सगळ्यांना एकाच मापाच्या असतात, कारण त्या औषधांत कमी-जास्त सोसण्याची जागा बरीच असते. जिथे ती जागा नसते तिथे वजनकाटा लागतोच. भूल देताना, हेपॅरिनसारखं रक्त पातळ करणारं इंजेक्शन देताना आणि टीबीत.

टीबीबद्दल जरा सविस्तर बोलते. सरकारी कार्यक्रमात पूर्वी दिवसाआड औषधं असायची. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, एका गोळीत तीन-चार औषधं, आणि गोळ्यांची संख्या वजनाच्या पट्ट्यांवर ठरू लागली. आत्ताच्या पट्ट्यांप्रमाणे ३५ ते ४९ किलोंना रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोंना चार. समजा, उपचार सुरू झाले तेव्हा एका बाईचं वजन ४६ होतं. खोकला थांबला, भूक लागायला लागली, दोन महिन्यांत काटा ५२ वर गेला. वजन पाच किलोंहून जास्त वाढलं आणि पट्टाही ओलांडला, म्हणून पुढच्या वेळी तिच्या हातात चार गोळ्या पडतात. घरच्यांच्या मनात धस्स होतं, ‘गोळ्या वाढवल्या, म्हणजे आजार बळावला वाटतं.’ मग कुणीतरी एक गोळी गुपचूप बाजूला काढतं. आशाताईंनी इथे दोन मिनिटं बसून सांगायला हवं, की अहो, वजन वाढलं, म्हणून गोळी वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. गोळ्या कमी पडल्या तर जंतू तग धरतात आणि औषधाला दाद देईनासे होतात. गरजेपेक्षा जास्त झाल्या तर यकृत तक्रार करतं.

आता बायकांकडे वळू. बाई सरासरीने पुरुषापेक्षा हलकी, म्हणून तिला थोडं कमी औषध, एवढं सरळ असतं तर हे भाषण इथेच संपलं असतं. झोलपिडेम नावाची झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली होती. बाई असो वा पुरुष, डोस १० मिलिग्रॅम. पुढे रक्तातली पातळी तपासली तेव्हा दिसलं की गोळी घेतल्यावर आठ तासांनी, म्हणजे सकाळी गाडीची किल्ली हातात घ्यायच्या वेळी, शंभरातल्या सुमारे पंधरा बायकांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं व्हावं इतकं औषध शिल्लक होतं. पुरुषांत हे प्रमाण तीनच्या आसपास. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बायकांचा डोस निम्मा, ५ मिलिग्रॅम, केला. हा फरक वजनाने पूर्ण उलगडत नाही. बायकांचं शरीर हे औषध मुळातच सावकाश बाहेर टाकतं. युरोपच्या नियामकांनी मात्र असा वेगळा डोस ठरवला नाही. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाही.

हे कळायला वीस वर्षं का लागली? १९७७ मध्ये त्याच अमेरिकी प्रशासनाने, थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदरपणी घेतलेल्या बायकांची बाळं व्यंग घेऊन जन्मली होती त्या धसक्याने, मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं होतं. ती बंदी उठली १९९३ मध्ये. हेतू बाळाला जपण्याचा होता, मान्य. पण डोस ठरले पुरुषांवर आणि गोळ्या घेतल्या सगळ्यांनी.

मूत्रपिंडाचं काम मोजायचं एक सूत्र डॉक्टर अजूनही वापरतात. १९७६ चं आहे. त्यात वय, वजन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ) घालायचं, आणि रुग्ण बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. ज्यांच्यावरून ते सूत्र बेतलं ते जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांचे स्नायू कमी म्हणून पंधरा टक्के कमी धरा, असा तो ढोबळ अंदाज. गंमत म्हणजे त्याच्यावर कित्येक औषधांचे डोस आजही बेतले जातात.

हे ऐकून एखादी ताई ब्लडप्रेशरची गोळी आजपासून अर्धी करायचं ठरवेल, म्हणून घाईने पुढचं सांगते. २०१९ मध्ये हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ब्लडप्रेशरसाठीही देतात अशा काही औषधांच्या ठरलेल्या डोसच्या निम्म्याच्या आसपासच बायकांना सर्वाधिक फायदा झालेला त्यात दिसला. पण तो निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे. बायकांचे दोन गट करून, एकीला पूर्ण आणि एकीला अर्धा डोस देऊन कुणी तो पडताळला नव्हता. त्यामुळे त्याच्या भरवशावर डॉक्टर डोस बदलत नाहीत, तुम्हीही बदलू नका. शिवाय काही गोळ्या सावकाश विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. त्या मोडल्या की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी मात्र आहेत. दोन-तीन महिन्यांत वजन पाच-सहा किलोंनी उतरलं किंवा चढलं असेल, दिवस गेले असतील, झोपेची गोळी घेऊन सकाळी डोकं जड राहत असेल, तर ते आपणहून सांगा. आणि केसपेपरवर वजनाचा रकाना कोरा दिसला, तर खुर्चीवर बसण्याआधी काट्यावर उभ्या राहा. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. नमस्कार.