तापाच्या पहिल्या दोन दिवसांचा पगार

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या सांवेर रोडवरील कारखान्यांत मी बरीच वर्षे हजेरीपट आणि पगारपत्रक सांभाळण्याचे काम केले आहे. कोरोनासारख्या साथीच्या काळात आजारी कामगाराच्या रजेचा पगार कोणी आणि किती द्यायचा, या प्रश्नावर आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. टाळेबंदी उठून कारखाने सुरू झाले होते आणि फाटकावर प्रत्येकाच्या कपाळासमोर तापमापक धरला जात असे. पॅकिंगमधला एक तरुण घरून पॅरासिटामॉलची गोळी घेऊन निघाला, त्यामुळे फाटकावर त्याचा ताप दिसला नाही. दुपारी मात्र तो खोक्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसलेला आढळला. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, खाडा पडला तर दोन दिवसांचे पैसे कोण देणार?" पुढच्या आठवड्यात त्याच्या ओळीतले आणखी चौघे आजारी पडले. त्यांना आजार त्याच्याकडूनच गेला असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते, याची खंत मला अजून आहे.

त्याने दोनच दिवस का म्हटले, हे कायदा पाहिल्यावर कळते. कर्मचारी राज्य विम्याच्या नियमांनुसार (२०२५ पर्यंत ते १९४८ च्या अधिनियमाखाली होते), ज्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत तेथील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार विम्याखाली येतो. त्याच्या पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम त्याच्याकडून कापली जाते आणि ३.२५ टक्के मालक भरतो; हीच विम्याची वर्गणी. सहा महिन्यांच्या ठरलेल्या मुदतीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. मात्र आजारपणाच्या सुरुवातीच्या दोन दिवसांचा लाभ साधारणपणे मिळत नाही; आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस झालेले नसतील तरच ही अट लागत नाही.

नेमके हेच दिवस घातक असतात. कोरोनाचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या आदल्या दोन दिवसांपासून ते नंतरच्या काही दिवसांपर्यंत सर्वाधिक पसरतो. म्हणजे ज्या दिवशी माणसाने घरी राहणे सर्वांत गरजेचे, त्याच दिवशी घरी राहिले तर त्याच्या हाती काही पडत नाही. चारशे रुपये रोज असलेला कामगार चौदा दिवस आजारी राहिला, तर त्याला बारा दिवसांचे २८० रुपयांप्रमाणे ३,३६० रुपये मिळतात आणि एरवीच्या कमाईतले २,२४० रुपये जातात. यातले सुरुवातीच्या दोन दिवसांचे ८०० रुपये मालकाने भरून दिले, तर विम्याच्या लाभाला कोठेही बाध येत नाही, कारण त्या दिवसांचा लाभ मुळात नसतोच. आठशे रुपयांसाठी अख्खी ओळ आजारी पडू देणे, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

काही मालक म्हणतात की पगारी रजा आहे, ती वापरा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमात आजारपणाची वेगळी रजा नव्हती. वर्षात २४० दिवस काम केले तर वीस दिवसांमागे एक दिवस अशी पगारी रजा मिळत असे. ती विश्रांतीसाठी होती, आणि नव्या माणसाकडे ती नसायचीच. घरातल्या कोणाला लागण झाली म्हणून ज्याला विलगीकरणात ठेवले, त्याची स्थिती तर याहून बिकट आहे. स्वतःला उपचाराची गरज पडत नाही तोवर तो विम्याच्या व्याख्येप्रमाणे आजारीच ठरत नाही.

२०२० साली २९ मार्चला केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळात पगार न कापण्याचा आदेश काढला होता. तो १८ मेपासून उठला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात वाटाघाटी करून तोडगा काढावा असे सांगितले. आज आजारी पडणाऱ्याला त्या आदेशाचा आधार नाही. म्हणूनच पहिले दोन दिवस आणि विलगीकरणाचे दिवस पगारी धरण्याचा नियम प्रत्येक मालकाने लेखी करून फाटकावर लावावा, असा माझा आग्रह आहे.

ठेकेदाराच्या माणसांबाबतही मालकाला हात झटकता येत नाहीत. त्यांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाचीच आहे, आणि पगारातून कापलेली रक्कम कायद्याने त्याच्याकडे ठेवलेली अनामत समजली जाते. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षाही करता येत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि म्हणूनच माणसे ताप लपवतात.

कामगार बंधू-भगिनींनी एक करावे. अंग गरम वाटले त्याच दिवशी नंदानगरच्या विमा रुग्णालयात किंवा आपल्या भागातील विमा दवाखान्यात दाखवून दाखला घ्यावा आणि त्याची प्रत कारखान्यात पोहोचवून पोच घ्यावी, कारण रजेच्या दिवसांचा हिशेब त्या दाखल्यावरच्या तारखांवरून होतो.