सरकारी की खाजगी? आधी बिल दाखवा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, डॉक्टर मंडळी आणि पेशंट मंडळी, म्हणजे सगळेच आले. विषय मोठा दिलाय : आरोग्यसेवा सरकारनं चालवावी की बाजारावर सोडावी? याचे पक्ष घराघरांत असतात. सरकारी दवाखान्यात ज्यांचा माणूस वाचला ते सरकारी पक्षाचे, आणि तिथल्या संडासात जे एकदा जाऊन आले ते खाजगी पक्षाचे. (हशा)

मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्रज्ञ तर नाहीच. मी ऑडिटर. हयात ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या कीर्द-खतावण्यांत गेली. त्यामुळे दोन्ही पक्षांना माझा प्रश्न एकच असतो : तुमचं बिल तपासतं कोण?

कोरोनात हा प्रश्न अचानक सरकारलाही पडला. 21 मे 2020 ला राज्यानं अधिसूचना काढली. खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर सरकारनं ठरवले. साधा वॉर्ड दिवसाला 4,000 रुपये, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटर असेल तर 9,000. बिलं तपासायला महापालिकांनी ऑडिटर बसवले, त्यात आमचीही वर्णी लागली. बायको म्हणाली, "सगळे दवाखान्यातून बाहेर पडायला बघतायत आणि तुम्ही आत चाललात."

आता गंमत ऐका. पीपीई किट त्या दरात धरलं नव्हतं, ते वेगळं लावायला मुभा होती. एका रुग्णालयात, नाव नको, मी बिलं चाळतोय. प्रत्येक पेशंटच्या नावावर दिवसाला दोन किट. वॉर्डात पेशंट चौदा. मी बिलिंगच्या पोराला विचारलं, अरे, नर्स किती? म्हणाला, शिफ्टला दोघी. आता एक नर्स किट चढवते आणि सगळ्या वॉर्डाला फिरून येते. पेशंटगणिक ती काय कपडे बदलते? पोरगं म्हणालं, "साहेब, मी काही टाकत नाही. पेशंटचा वॉर्ड टाकला की सिस्टीमच दोन किट घेते."

मग मी स्टोअरचं इश्यू रजिस्टर, म्हणजे कुठल्या वॉर्डाला काय दिलं याची वही, मागवलं. ते यायला दुपार झाली. स्टोअरकीपर जेवायला गेला, किल्ली त्याच्याकडे, मग तो क्वारंटाइन झाल्याचं कळलं, मग तो स्वतःच चहा घेऊन समोर आला! (हशा) रजिस्टरात त्या वॉर्डाला डॉक्टर-नर्स धरून दिवसाला आठ किट गेलेली. बिलात अठ्ठावीस. आणि झाडू-पोछा करणाऱ्या मावशी? त्यांच्या अंगावर कापडी गाऊन. रजिस्टरात त्यांच्या नावचं किट नाही.

वैद्यकीय संचालकांना भेटलो. ते म्हणाले, "चार हजारांत खाट परवडत नाही, ऑक्सिजन कुठून आणू? कुठेतरी भरून काढावंच लागतं." मी सांगतो, त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. तो दर ठरवताना खाटेचा खरा खर्च त्यांच्या वह्यांतून कुणी काढलाच नव्हता. पण म्हणून दराची तूट किटातून काढायची? जीएसटी परवडत नाही म्हणून किराणा दुकानदार वजनात मारतो का? बरं, मारतो. (हशा) पण मग त्याला वजनमाप निरीक्षक असतो.

पैसे परत करायला लावले. एका गृहस्थांना साडेतेवीस हजारांचा चेक मिळाला, तो हातात धरून ते मलाच विचारतात, "साहेब, आई अजून आत आहे. हे घेतलं म्हणून डॉक्टर चिडणार नाहीत ना?"

तर ग्राहक राजा असतो म्हणणाऱ्यांनी हा राजा बघावा.

दरपत्रकाचंही ऐका. 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह (म्हणजे नर्सिंग होम) नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायला सांगितलेत. दर काय असावा हे सांगितलेलं नाही, फक्त लावा म्हटलंय. देणगीदारांची संगमरवरी पाटी दारातच असते, दरपत्रक मात्र बहुतेकदा झेरॉक्स मशीनच्या मागे. पुढच्या रांगेतले डॉक्टर हसतायत, म्हणजे ठिकाण बरोबर आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि मी मूळ विषयावर आलोच नाही! पळतो.

बाजारवाल्यांना : अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 मध्येच मांडून ठेवलंय की उपचारात घेणाऱ्याला कळत नाही आणि विकणाऱ्याला कळतं, त्यामुळे इथं नेहमीचा बाजार चालत नाही. तुमच्या लाडक्या सिंगापुरातसुद्धा बहुतेक खाटा सरकारी रुग्णालयांतच आहेत.

सरकारवाल्यांना : औषध फुकट म्हणजे औषध असतंच असं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, स्वागत आहे. पण औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिनकडे, म्हणजे लसी बनवणाऱ्या सरकारी संस्थेकडे दिली, 2023 मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं, आणि मधल्या काळात बाहेरून आणायच्या चिठ्ठ्या चालूच. तमिळनाडूनं खरेदीचं महामंडळ 1994 मध्येच स्थापलं, तेही सरकारीच आहे. म्हणजे सरकारला जमत नाही असं नाही, आपल्याला जमवायचं नाही.

नियंत्रणवाल्यांना, म्हणजे मला : एकाच वस्तूचा भाव बांधून भागत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची, किंमत 29,600 वर आणली, फार चांगलं केलं. पण माझ्या साडूची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा स्टेंट स्वस्त आणि बिल तेवढंच. फरक 'प्रोसीजर चार्जेस' नावाच्या ओळीत जाऊन बसला होता. तपासायचं तर अख्खं बिल, आणि तेही इश्यू रजिस्टरासमोर ठेवून.

आणि शेवटचं. आपला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा. सरकारी आणि पालिकांच्या रुग्णालयांना तो लागूच नाही. शहरात खाजगीची नोंदणी कोण करतं? पालिकेचा आरोग्य विभाग, जो स्वतःचे दवाखानेही चालवतो. तेव्हा माझी मागणी : जिल्ह्याला एक स्वतंत्र बिल-तपासनीस. आरोग्य खात्याच्या हाताखालचा नको, आणि त्यानं सिव्हिलचं स्टोअर आणि खाजगीचं बिल दोन्ही उघडायचं. त्याचा पगार कुठून निघेल याचा मी हिशोब करून आणलाय, तीन पानं आहेत, पण अध्यक्ष आता उभेच राहिलेत. ज्यांना हवाय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या. डॉक्टरांनी आधी या.