तांब्याभर पाणी आणि दोन माड

नमस्कार श्रोतेहो.

आमचे काका सैन्यात गेले ते तांब्याभर पाण्यापायी. डिसेंबर १९६१. दोडामार्गाकडून गोव्यात आलेली भारतीय फौज उसगावमार्गे फोंड्याकडे निघाली होती आणि काका, तेव्हा पंधरा वर्षांचे, रस्त्याकडेला उभे होते. शिपाई म्हणजे पाखले, म्हणजे पोर्तुगीज गोरे, एवढंच तोवर त्यांना ठाऊक. बंदूकवाला समोरून आला की मान खाली घालायची, ही घरची शिकवण. आणि इथे घामाघूम झालेला एक जवान थांबला नि म्हणाला, "बाळा, पाणी आण रे जरा."

मराठीत! काका सांगायचे, "पाणी आणायचं सोडून मी त्याच्या तोंडाकडेच बघत राहिलो."

ती होती दुसरी पॅरा, छत्रीधारी सैन्यातली मराठ्यांची पलटण. दिवसभरात फौज पुढे गेली, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, पण काकांच्या डोक्यातून तो तांब्या काही गेला नाही. चार वर्षांनी त्यांनी बेळगाव गाठलं आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. आजीने जेवण टाकलं. म्हणाली, "कालपर्यंत आपण पोर्तुगालचे, आज तू भारताचा शिपाई. उद्या कोणाचा?"

तिचं बोलणं वरवर वेडगळ वाटेल. पण १८९५ साली पोर्तुगीजांच्या पदरच्या, पणजीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला धाडायचं ठरलं, तेव्हा ते बंड करून गोव्याच्याच सत्तरी भागात नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि तिथले राणे त्यांना येऊन मिळाले. आजी सत्तरीची. दूरच्या लढाईला गेलेलं पोर दारात परत दिसत नाही, असं ऐकतच ती मोठी झालेली.

काकांना मिळाली पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १७६८ सालची. १९७१च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची एकतिसावी बलूच. शरण या, अशी चिठ्ठी आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवली. उलट उत्तर आलं, त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. मग १० डिसेंबरच्या रात्री बलूच पलटण वेढा फोडायला बाहेर पडली, ती थेट मराठ्यांच्या खंदकांवर. सकाळी जमालपूर पडलं.

त्या रात्रीबद्दल काकांनी घरात एक वाक्यसुद्धा सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "थंडी होती."

सांगायचे ते पुढचं. ११ तारखेला टांगाईलजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांनी विमानांतून उड्या घेतल्या आणि पुंगलीचा पूल धरला. दुसऱ्या दिवशी पहिली मराठा तिथे पोचली. पुलावर कोण? तीच दुसरी पॅरा! एका हवालदाराने विचारलं, "कुठला रे तू?" काका म्हणाले, "गोवा, उसगाव." तो म्हणाला, "उसगाव? एकसष्ट साली आम्ही त्याच रस्त्याने गेलो की." मग दोघे पुलाच्या कठड्याला टेकून विडी ओढत बसले. पाणी मागणारा तो हाच, असं काका शपथेवर सांगत. मला आपलं वाटतं, प्रत्येक वेळी सांगताना तो हवालदार थोडा थोडा ओळखीचा होत गेला असावा. पलटण मात्र तीच होती, त्याला पुरावा आहे.

इकडे घरी काय? पत्राच्या पत्त्यावर गावाचं नाव नाही, नुसता एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा, नंबर. दुकानातल्या रेडिओपाशी संध्याकाळी गर्दी व्हायची. आजी दारापर्यंत यायची, पण आत पाऊल टाकायची नाही. आकड्यांच्या बातमीत आपलं माणूस सापडत नाही, असं तिचं म्हणणं.

काका आले ते पुढच्या मे महिन्यात. बेळगावहून लोंढा, तिथून छोट्या रुळाच्या गाडीने कॅसलरॉक, दूधसागर, कुळे. कुळ्याला बस चुकली म्हणून खनिजाच्या ट्रकवर बसले. अंगणात उतरले तेव्हा वर्दी, ट्रंक, मिशा, सगळं तांबडंलाल. आजी पुढे झाली, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी ओतलं. पाणी लाल होऊन वाहू लागलं तशी ती एकदम मागे सरली आणि ओरडली, "कुठे लागलंय रे?"

"मातीच आहे गं ती," काका म्हणाले. पण तिने त्यांना विहिरीवर नेऊन तीन कळश्या ओतल्या, पाठ, दंड, पोटऱ्या सगळं चाचपून पाहिलं, तेव्हा कुठे घरात घेतलं. आठ वर्षांचा मी मानकुरादची कोय चोखत हे बघत होतो.

पावसाआधी माड लावायचे असतात. आजीने काकांना परसात खड्डा मारायला सांगितलं. तासाभराने जाऊन बघते, तर माणूसभर लांब, छातीभर खोल, कडा कापून काढलेल्या आणि माती सगळी एकाच बाजूला रचून थापलेली. आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे बाबा, माड उभा लावतात, निजवून नव्हे!"

सगळे हसले, काकाही हसले. संध्याकाळी मी बघायला गेलो, तेव्हा ते त्या खड्ड्यात उतरून उभे होते, हनुवटी मातीच्या बांधाला टेकवून. शेजारच्या कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, पाटाचं पाणी वाहत होतं, तिकडे त्यांचं लक्ष होतं. मी हाक मारली. त्यांनी वळून न बघता नुसता हात खाली दाबला. मी खाली बसलो. किती वेळ बसलो, सांगता येणार नाही.

रजा संपली, ते गेले. खड्डा बुजवायचं आजीच्या जिवावर आलं. तिने निम्मी माती आत लोटली आणि दोन टोकांना दोन रोपं लावली. जागा अगदीच अपुरी. दोन्ही माड एकमेकांना चुकवत वाढले, एक विहिरीकडे वाकला, एक रस्त्याकडे. रस्त्याकडच्याचे नारळ शेजारी पडतात आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो.