पतंग, राजा आणि मृत्युपत्र

कडाडणारी वीज, वर पतंग, खाली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या शेजारी एक लहान मुलगा. हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. त्यातला मुलगा मात्र चित्रकारांनी लहान केलाय. १७५२ च्या त्या प्रयोगाच्या वेळी बेंजामिनचा मुलगा विल्यम चांगला विशीतला तरुण होता.

दहा वर्षांनी हाच विल्यम न्यू जर्सी या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर झाला. नेमणूक ब्रिटनच्या राजाची, पण ती जमवली वडिलांच्या लंडनमधल्या ओळखींनी. तेव्हा बेंजामिनही राजाचंच मीठ खात होता; अमेरिकेतल्या वसाहतींचं टपालखातं त्याच्या हाताखाली होतं.

पुढे वसाहतींवर ब्रिटनचे कर आले, बहिष्कार आले, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडाला.

जानेवारी १७७४, लंडन. प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, मखमली कोटातला बेंजामिन उभा आहे. सॉलिसिटर जनरल वेडरबर्न भर सभेत त्याची सालटी काढतोय, बडे लॉर्ड हसतायत. बेंजामिन हूं की चूं करत नाही. पाठोपाठ टपालखातंही जातं. तो मुलाला लिहितो: गव्हर्नरपदापेक्षा तुझी शेती बरी, जास्त इज्जतीची.

विल्यम हलला नाही. १७७५ च्या जानेवारीत त्याने आपल्या विधिमंडळाला बजावलं: समोर दोन वाटा आहेत, एक शांततेची, दुसरी यादवीची. लक्षात घ्या, स्वातंत्र्ययुद्ध नव्हे, यादवी. निदान त्याच्या घरापुरतं तरी ते खरं ठरलं.

जून १७७६. वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या समितीवर, आणि मुलगा अटकेत. पुढच्या वर्षी तो कनेटिकटच्या तुरुंगात एकटा कोंडलेला असताना न्यूयॉर्कमध्ये बायको, एलिझाबेथ, शेवटच्या घटका मोजत होती. भेटीसाठी त्याने विनवण्या केल्या. बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याचं मन द्रवलं, वसाहतींच्या काँग्रेसचं नाही. ती गेली.

सुटल्यावर मात्र विल्यमने न्यूयॉर्कमधून राजनिष्ठांच्या टोळ्या उभ्या केल्या. वडिलांना खुपलं ते हेच. १७८५ मध्ये साउदॅम्प्टनला बापलेक भेटले, तेव्हा बोलणं झालं ते मुख्यतः जमिनीच्या खरेदीखताचं आणि देण्याघेण्याचं.

पाच वर्षांनी बेंजामिनचं मृत्युपत्र उघडलं. विल्यमच्या वाट्याला त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तकं, माफ केलेलं कर्ज आणि आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातली जमीन. तोच नोव्हा स्कॉशिया, जिथे हजारो राजनिष्ठ घरदार सोडून गेले होते आणि जिथे अजून राजा जॉर्जचाच अंमल होता.