बाईंचा हजेरीपट

मंडळी, नमस्कार. बाईंना जाऊन आज वर्ष झालं. आळीतल्या लोकांनी मला बोलायला सांगितलं, कारण मी त्यांचा विद्यार्थी आणि भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारीही. मी हिंदू, त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. पण अलिबागेत आम्हा मुलांना त्या फक्त ‘बाई’ होत्या. चौथीपर्यंत त्यांनीच आम्हाला पाढे शिकवले.

येताना ही वही घेऊन आलोय. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. हा शाळेचा जुना, कोरा राहिलेला हजेरीपट आहे. निळ्या कापडाची पाठ, कडा वाळवीनं खाल्लेल्या. डावीकडे नावं, पुढं तारखांचे चौकोन. फक्त नावं मुलांची नाहीत, मोठ्या माणसांची आहेत, आणि तारखा बहुतेक शनिवारच्या किंवा सणाच्या. काही नावांपुढं हजर, हजर, हजर, आणि मग एके ठिकाणी बाईंच्या वळणदार अक्षरात ‘अश्दोद’. दुसऱ्यापुढं ‘लोद’. तिसऱ्यापुढं ‘दिमोना’. ही इस्रायलमधली गावं. काहींपुढं नुसता एक छोटा दिवा काढलाय. त्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल.

हे कशासाठी, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही कथा इथल्या प्रत्येक घरात ऐकलेली आहे. त्यांचे वंशज कोकणच्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणू लागले शनवार तेली. आडनावं गावांवरून आली, रोह्याचे रोहेकर तसे किहीमचे किहीमकर. भाषा मराठी, लुगडं नऊवारी, आणि ओठांवर ‘शेमा इस्रायल’ ही ज्यूंची प्रार्थना. अलिबागचं प्रार्थनालय १८४८ सालचं. १९४८ च्या सुमारास भारतात ही मंडळी वीस हजारांच्या आसपास होती. मग इस्रायल झालं आणि आळी रिकामी होत गेली. एकेका घराला कुलूप लागताना मी लहानपणी पाहिलंय. जाताना लोक किल्ली बाईंकडे ठेवत. बाईंच्या देवळीत किल्ल्यांचा एक मोठा जुडगा होता.

आता अडचण अशी, की त्यांच्या धर्मात काही प्रार्थना एकट्यानं करता येत नाहीत. निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. मेलेल्या माणसासाठी म्हणायचं कदीशही दहांशिवाय होत नाही. शंभर घरं असतात तेव्हा दहा माणसं मोजावी लागत नाहीत. घरं चार-पाच उरली, की दहावा माणूस शोधायला निघावं लागतं. बाई निघाल्या. सणाच्या आधी पंधरा दिवस त्या पोस्टकार्डं टाकत. पेणला, पनवेलला, ठाण्याला. ‘नव्याच्या सणाला येणे. मुक्काम आमच्याकडे. वालाचं बिरडं करीन.’ एवढंच. नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष. ती कार्डं पेटीत टाकायचं काम माझं असे. शाळेतल्या गैरहजर पोरांची त्या दुपारी घरी जाऊन चौकशी करीत, तसंच हे. कोण आजारी, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कोणाची नोकरी गेलीय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. आणि ते कळलं, की तेवढ्यावर सोडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

घरात तेव्हा म्हाताऱ्या सासूबाई, दोन मुली, एक मुलगा. यजमान फार लवकर गेले. शिक्षिकेच्या पगारात हे सगळं ओढलं. शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्या, की घर झाडून, पुसून, स्वयंपाक उरकून ठेवायचा. सूर्य कलायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. तो दिवा लागला, की बाई वेगळ्याच दिसायच्या. आठवडाभराचा थकवा जणू उंबऱ्याबाहेर ठेवून आल्यासारख्या. मी खिडकीतून बघत असे. अजून डोळे मिटले, की तो पिवळा उजेड दिसतो.

त्यांच्या घरचे सण मला आमच्या सणांइतकेच पाठ आहेत. बिरड्याचा सण खरं तर शोकाचा, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या आठवणीचा. पण त्या दिवशी उपास सोडायला आपल्याच रायगडचे मोड आलेले वाल. हजारो मैलांवरचं दुःख आणि परसातलं धान्य! मला याचं कायम नवल वाटत आलंय. नवस फेडायचा असला की मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, शेजारी फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव. मलिद्याची पहिली वाटी भिंतीवरून आमच्याकडे यायची. आई गणपतीतले मोदक त्याच भिंतीवरून पलीकडे द्यायची.

जुलै १९८९. अंबा नदीला पूर आला आणि सुधागडातलं जांभूळपाडा एका रात्रीत उद्ध्वस्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या. हातात हाच हजेरीपट, मागचं पान उघडलेलं. म्हणाल्या, ‘दहा घरं हवीत. प्रत्येकी पन्नास भाकऱ्या.’ त्या यादीत आमचं घर होतं, कोळीवाड्यातली तीन होती, दोन मुसलमानांची होती. हे बघा ते पान. भाकऱ्यांचे आकडे आहेत, पुढं कांदे, काड्यापेट्या, जुनी लुगडी. खाली एक ओळ आहे, ‘लहान मुलांचे कपडे कमी पडले.’ त्या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय. नंतर किती वर्षं त्यांच्याकडे लहान मुलांच्या कपड्यांची एक ट्रंक कायम भरलेली असायची.

मुलगा अश्दोदला गेला. मुली पाठोपाठ गेल्या. सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा बाई चार महिने जाऊन आल्या. नातवंडं पाहिली, जेरुसलेमच्या भिंतीला हात लावला, आणि परत आल्या. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता तिथंच राहतील. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘तिथं कुठल्याही गल्लीत हाक मारली तर दहा माणसं येतात रे. इथं कोण हाक मारणार?’ मुलाचं पत्र आलं, की ती पुन्हा पुन्हा वाचत. राहण्याची किंमत त्यांनी रोज मोजली. ती हसत मोजली असं मी म्हणणार नाही. कित्येक रात्री भिंतीपलीकडून रडणं ऐकलंय.

एकदा न राहवून मी विचारलं, ‘बाई, तुम्ही आयुष्यभर दहा जण गोळा करता, आणि त्या दहांत तुम्हाला धरत नाहीत. वाईट नाही वाटत?’ मला आजही ते खटकतं, स्पष्ट बोलतो. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हजेरीपटावर बाईंचं नाव कधी पाहिलंस का?’

अजून एक राहिलं. ज्यूंमध्ये माणसं एक, दोन, तीन अशी मोजू नयेत अशी जुनी रीत आहे. स्तोत्रातली दहा शब्दांची एक हिब्रू ओळ म्हणतात, एका माणसाला एक शब्द. ‘तुझ्या लोकांना तार, त्यांना सांभाळ, सर्वकाळ उचलून धर,’ असा तिचा अर्थ बाईंनीच मला सांगितला होता. शेवटचे दोन शब्द ‘अद हाओलाम’. प्रार्थनालयाच्या दारात उभ्या राहून त्या ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत आणि मग दिवा लावायला सांगत.

गेल्या वर्षी त्या गेल्या तो शुक्रवार. सूर्यास्ताच्या आत माती द्यायला हवी, नंतर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो. कब्रस्तानात आम्ही शे-दीडशे माणसं होतो. त्यांचे विद्यार्थी, कोळीवाड्यातल्या बायका, जांभूळपाड्याहून आलेला एक म्हातारा. पण कदीशला लागणारे नऊच. दहावा, ठाण्याहून निघालेला एक तरुण, वाटेत वडखळच्या वाहतुकीत अडकला होता. ऊन सुरूंच्या शेंड्यावर गेलं. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी माणसांकडे बघत ओळ म्हणायला सुरुवात केली, ‘अद’वर आले आणि थांबले. कोणी बोलेना. मी हा हजेरीपट छातीशी धरून रस्त्याकडे बघत होतो.

मग फाटकाशी रिक्षा थांबली. घामानं भिजलेला विशीतला एक पोरगा डोक्यावर टोपी घालत धावत आला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला. त्या गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटचा शब्द म्हटला, ‘हाओलाम.’