वेताळ गोरा कसा?

मंडळी, नमस्कार. "जेवण उशिरा येतंय, तोवर काहीतरी हलकंफुलकं बोला," असं सांगून अध्यक्षांनी मला उभं केलंय. केटररची गाडी दिसली की मी बसेन.

गेल्या महिन्यात आईचं घर आवरताना माळ्यावर माझी पत्र्याची ट्रंक सापडली. आत इंद्रजाल कॉमिक्स, वेताळ म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या आणि इतर नायकांच्या मराठी चित्रकथा! 23 किलोंच्या बॅगेत मी सगळे अंक कोंबले. लोणचं, भाजणी, मेतकूट तिकडेच राहिलं. त्यावर बायको जे बोलली, ते माईकवरून सांगता येणार नाही.

पण चमत्कार झाला. रविवारच्या मराठी शाळेचं नाव काढलं की पोट दुखणारी माझी 11 वर्षांची लेक ट्रंकेपाशी फतकल मारून बसली आणि अक्षरं लावत वाचायला लागली. मी दाराआडून बघत होतो. मराठी भाषा वाचली, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, जंगलातले सगळे काळे, मग वेताळ एकटाच गोरा कसा?"

मी म्हणालो, "गोरा नाही गं, तो वेताळ आहे."

हसा, हसा. पण तुमच्यापैकी किती जणांना तो गोरा दिसला होता? मला जांभळाच दिसला. माझं आजोळ वेंगुर्ल्याजवळ, आरवलीला. तिथला वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. फँटमचं इंग्रजी बिरुदही 'घोस्ट हू वॉक्स', चालणारं भूत. त्याला वेताळ म्हटल्यावर माझ्यासाठी तो आजोळचाच झाला. कवटीच्या अंगठीवाल्याच्या पायात मी मनातल्या मनात वेतोबाच्या चपला घातल्या होत्या.

तिला गप्प करायचं म्हणून मग रात्री जागून वाचत बसलो. 17 फेब्रुवारी 1936 ला ली फॉकने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत फँटम सुरू केला, चित्रं रे मूरची. आधी बेत होता की न्यूयॉर्कचा श्रीमंत, ऐदी जिमी वेल्स हाच बुरख्याआडचा फँटम निघावा. गोष्ट चालू असतानाच फॉकने तो बेत सोडला, नायकाला जंगलात नेलं आणि पिढीजात शपथ दिली. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला पहिला फँटम, आपला तो एकविसावा. पोशाख फॉकच्या मनात राखाडी होता. 1939 ला रविवारची पानं रंगीत निघाली आणि तो जांभळा झाला. इटलीत तर लाल!

सुरुवातीला त्याचा मुलूख आशियातला, बंगालसारख्या नावाचा होता, पुढे तो आफ्रिकेत सरकला. चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग'. टाइम्सवाल्यांनी 1964 मध्ये इंद्रजाल काढलं, तेव्हा आपल्याला खटकू नये म्हणून मुलखाचं झालं डेंकाली आणि सिंगचं झालं सिंगा. आपल्याला टोचणारं तेवढं बदललं. वेताळच्या जंगलातल्या बांदार जमातीला काय टोचेल, हा प्रश्न ना त्यांना पडला, ना मला.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनिशी बसलो. म्हटलं, "अगं, पुढे तिथे लोकशाही येते. डॉक्टर लुआगा राष्ट्राध्यक्ष होतो, तो काळाच आहे."

ती म्हणाली, "मग वेताळ अजून तिथे काय करतो?"

यावर मी अत्यंत अभ्यासपूर्ण उत्तर दिलं. "गप जेव."

बायको ताडकन म्हणाली, "वर्षभर पोरीच्या मागे लागतोस, मराठी वाच, मराठी वाच. वाचलं तर गप जेव?" त्या रात्री आमच्या घरी भांडी जरा जोरातच घासली गेली.

तेव्हापासून मला आपल्या मंडळाचं स्नेहसंमेलन आठवतंय. मुलं फेटे बांधून येतात, पाठ केलेलं खणखणीत म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, व्हिडिओ आजीला जातो. त्यातलं एखादं पोर मध्येच थांबून "पण असं का?" म्हणालं, तर आपण काय करू? मागच्या वर्षी एकाने विचारलं होतं. आपण त्याला वडा दिला. देणारा मीच होतो.

आणि गंमत म्हणजे तिने दोन्ही प्रश्न मराठीत विचारले होते. मला ते कळलं झोपताना.

तेव्हापासून ती ट्रंकेकडे फिरकलेली नाही. काल रात्री मी बहादूरचा, म्हणजे इंद्रजालमधल्या देशी नायकाचा, एक अंक मुद्दाम सोफ्यावर ठेवला. सकाळी तिथेच होता, फक्त पालथा. तिने चाळला, की बायकोने सोफा झटकला, हे विचारायचं अजून धाडस झालेलं नाही.

आली वाटतं गाडी.